विरोधी मतास पक्षांत जागा कोठें?

लढाई सुरू करणें सोपें आणि संपविणें कठीण, हें व्यवहारज्ञान आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु लोकनियुक्त राज्यांत लढाईचा आणखी एक गुण दृष्टीस पडतो. तो असा कीं, शत्रूची फळी फोडण्यापूर्वींच ती पुष्कळदां तिला मान्यता देणाऱ्या पक्षाची फळी फोडते. लढाई चालूं असेतोंवर सरकारी पक्ष म्हणतो, 'आतां एकी राखा'. निवडणूक जवळ आली म्हणजे मतदार विचारतो, 'हा खर्च आणि हीं प्रेतें कशासाठीं?' या दोहोंच्या कात्रींत सांपडलेल्या पक्षसभासदांनीं काय करावें? तोंड मिटून बसावें, कीं उघड बोलून स्वपक्षाच्या पराभवाचें खापर आपल्या डोक्यावर फोडून घ्यावें? नुसत्या नीतिवचनांनीं या प्रश्नाचा उलगडा होत नाहीं. एखादा दाखला घेऊन तो तपासून पाहावा लागतो. असा दाखला अमेरिकेंतील डेमोक्रॅटिक पक्षानें १९६८ सालीं जगापुढें ठेविला. त्याची हकीकत आम्ही आज कांहींशा विस्तारानें देत आहों. कारण तिचा जो अर्थ सामान्यतः लावला जातो, तो आम्हांस पटत नाहीं.

सामान्य समज असा आहे कीं, व्हिएटनामच्या युद्धास विरोध करणाऱ्या मंडळींनीं ऐन निवडणुकीच्या तोंडावर घरांत भांडण लाविलें आणि त्यामुळें पक्ष पडला. आमच्या मतें भांडण झालें हा दोष नव्हे. तें भांडण सनदशीर मार्गानें करावयास पक्षाच्या घटनेंत जागाच नव्हती, हें त्या नाशाचें खरें कारण होय.

प्रथम मूळ दस्तऐवज पाहूं. १९६४ च्या ऑगस्ट महिन्यांत टोंकिनच्या आखातांत उत्तर व्हिएटनामनें अमेरिकन लढाऊ जहाजांवर दोन वेळां हल्ला केला, असें अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सरकारनें जाहीर केलें. ता. २ ची चकमक खरी होती, ता. ४ चा म्हणून सांगितलेला हल्ला झालाच नव्हता, हें पुढें सरकारी दप्तरांतील कागद उघडे झाल्यावर स्पष्ट झालें. परंतु ता. ७ रोजीं अमेरिकन काँग्रेसनें जो ठराव केला, त्यानें आग्नेय आशियांत जरूर वाटतील ते उपाय, लष्करी बळासुद्धां, योजण्याची मुभा अध्यक्षांस मिळाली. प्रतिनिधिगृहांत ठरावाच्या बाजूनें ४१६ मतें पडलीं व विरुद्ध एकही पडलें नाहीं. सिनेटमध्यें ८८ विरुद्ध २ अशी मतमोजणी झाली. ते दोघे, म्हणजे ऑरेगॉनचे वेन मॉर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रूनिंग, अध्यक्षांच्याच पक्षाचे होते. कायद्याच्या भाषेंत बोलावयाचें तर हें रक्कम व मुदत कोरी सोडून लिहून दिलेलें कुलमुखत्यारपत्र होतें. कोणताही सावध वकील आपल्या अशिलास अशा कागदावर सही करूं देणार नाहीं. पण नोव्हेंबरांत निवडणूक होती. रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांस लोक युद्धखोर समजत, व त्यांच्यापुढें आपला अध्यक्ष दुबळा दिसूं नये म्हणून पक्षाच्या सभासदांनीं डोळे मिटून हात वर केले. त्याच निवडणुकींत जॉन्सन यांनीं, आशियाई तरुणांनीं करावयाचें काम करण्यास आपण अमेरिकन तरुण पाठविणार नाहीं, असें आश्वासन दिलें आणि शेंकडा ६१ मतें मिळवून ते निवडून आले.

आश्वासन सहा महिनेही टिकलें नाहीं. मार्च १९६५ मध्यें उत्तर व्हिएटनामवर नियमित बाँबवर्षाव सुरू झाला व त्याच महिन्यांत दा नांग येथें लढाऊ पलटणी उतरल्या. १९६५ च्या अखेरीस व्हिएटनामांत सुमारें १,८४,००० अमेरिकन फौज होती. १९६७ च्या अखेरीस ती सुमारें ४,८५,००० झाली. फौज पुरविण्यासाठीं सक्तीची लष्करभरती चालूं होती, आणि तिचा चिमटा घरोघर बसूं लागला. येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. हेंच सरकार घरच्या कारभारांत लोककल्याणाचीं मोठीं कामें करीत होतें. १९६४ चा नागरिक हक्कांचा कायदा, काळ्या लोकांचा मताधिकार सुरक्षित करणारा १९६५ चा कायदा, वृद्धांच्या औषधोपचाराची सरकारी योजना, हीं सर्व जॉन्सन यांच्याच कारकीर्दींतील कृत्यें होत. म्हणून या पक्षांतील युद्धविरोधी माणसाची अडचण दुहेरी होती. ज्या सरकारच्या एका हाताचें चुंबन घ्यावें असें त्यास वाटे, त्याच सरकारचा दुसरा हात धरून ठेवणें त्याचें कर्तव्य होऊन बसलें.

अशा अडचणींत कोण कसें वागलें, हें पाहण्यासारखें आहे. आर्कान्सॉचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनीं १९६४ चा ठराव सिनेटांतून स्वतः पार नेला होता. १९६६ च्या फेब्रुवारींत त्याच फुलब्राइट यांनीं परराष्ट्र समितीपुढें युद्धाची उघड चौकशी चालविली आणि दूरचित्रवाणीवरून ती सर्व देशानें पाहिली. उलट उपाध्यक्ष ह्यूबर्ट हंफ्रे यांनीं दुसरा मार्ग धरिला. १९४८ सालीं पक्षाच्या महासभेंत काळ्या लोकांच्या हक्कांसाठीं निर्भयपणें बोलून ज्यांनीं नांव मिळविलें, तेच हे हंफ्रे. फेब्रुवारी १९६५ मध्यें, म्हणजे युद्धाचा डोंब उसळण्यापूर्वींच, त्यांनीं अध्यक्षांस खासगी पत्र लिहून हें युद्ध वाढवूं नये, लोक त्यामागें फार काळ उभे राहणार नाहींत, असा इशारा दिला होता. फळ काय मिळालें? व्हिएटनामविषयींच्या खलबतांतून त्यांस बरेच दिवस दूर ठेवण्यांत आलें. मग हंफ्रे यांनीं आपलें मत गिळलें, आणि देशभर हिंडून त्याच युद्धाचें समर्थन केलें. खासगी पत्रांत खरें आणि सभेंत सरकारी, अशी ही दोन तोंडांची निष्ठा पुढें त्यांस किती महाग पडली, तें लवकरच दिसून येईल.

१९६७ च्या शरदृतूंत पक्षांतील कांहीं तरुण कार्यकर्त्यांनीं, विशेषतः अ‍ॅलर्ड लोवेनस्टाइन यांनीं, विद्यमान अध्यक्षाविरुद्ध पक्षांतूनच उमेदवार उभा करण्याची खटपट आरंभिली. रॉबर्ट केनेडी यांनीं प्रथम नकार दिला. शेवटीं मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनीं ता. ३० नोव्हेंबर १९६७ रोजीं उमेदवारी जाहीर केली. या शांत, कविता करणाऱ्या गृहस्थाची त्या वेळीं थट्टाच झाली. कारण त्याच महिन्यांत सेनापति वेस्टमोरलंड यांनीं राजधानींत येऊन युद्धाचा शेवट आतां दृष्टिपथांत येऊं लागला आहे असें सांगितलें होतें. परंतु ता. ३० जानेवारी १९६८ पासून, टेट नांवाच्या नववर्षाच्या सणांत, व्हिएटकाँग व उत्तर व्हिएटनामच्या फौजांनीं दक्षिणेंतील बहुतेक मोठ्या शहरांवर एकदम हल्ले चढविले. सायगांवमधील अमेरिकन वकिलातीच्या आवारांतही ते घुसले. लष्करी दृष्टीनें हे हल्ले परतविले गेले व हल्लेखोरांची फार हानि झाली, हें खरें आहे. पण सरकारच्या शब्दाची पत त्या एका आठवड्यांत बुडाली. सावकाराची रोकड शिल्लक असतांही पत गेली म्हणजे पेढी बसते, तसेंच हें झालें.

ता. १२ मार्च रोजीं न्यू हँपशायर राज्यांत प्राथमिक निवडणूक झाली. जॉन्सन यांस शेंकडा ४९ व मॅकार्थी यांस शेंकडा ४२ मतें मिळालीं. अध्यक्ष जिंकले, पण आसनस्थ अध्यक्षाची स्वपक्षांत अशी जीत ही हारच होय. मागाहून झालेल्या अभ्यासांत असेंही आढळून आलें कीं, मॅकार्थी यांस मत देणाऱ्यांपैकीं पुष्कळांस युद्ध थांबावयास नको होतें, तें अधिक जोरानें लढावयास हवें होतें! नावडतें युद्ध पक्षास कसें पोखरतें, याचें मर्म येथें आहे. त्यामुळें पक्षाचीं दोन सरळ शकलें होत नाहींत. नाना कारणांनीं चिडलेले लोक एका निषेधाखालीं गोळा होतात. ता. १६ मार्चला केनेडीही मैदानांत उतरले, आणि ता. ३१ रोजीं जॉन्सन यांनीं बाँबवर्षाव आंशिक थांबवीत असल्याचें सांगून, आपण पक्षाची उमेदवारी मागणार नाहीं व दिली तरी घेणार नाहीं, असें जाहीर केलें. यानंतरचे दोन महिने त्या देशावर साडेसातीच होती. ता. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, ता. ५ जूनला कॅलिफोर्नियाची प्राथमिक निवडणूक जिंकल्याच्या रात्रींच केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या व दुसऱ्या दिवशीं ते वारले.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. हंफ्रे यांनीं ता. २७ एप्रिलला उमेदवारी जाहीर केली आणि एकाही प्राथमिक निवडणुकींत ते उतरले नाहींत. तसें करण्याची त्यांस गरजच नव्हती. पक्षाच्या तत्कालीन नियमांप्रमाणें थोड्याच राज्यांत मतदारांस उमेदवाराविषयीं कौल देतां येई. इतरत्र प्रतिनिधि राज्याराज्यांतील पक्षधुरीण निवडीत. महासभेच्या प्रतिनिधींपैकीं एक तृतीयांशाहून अधिकांची निवड तर १९६८ साल उजाडण्यापूर्वींच झाल्यासारखी होती, असें पक्षानेंच पुढें नेमलेल्या कमिशननें नमूद केलें आहे. म्हणजे टेटचा हल्ला होण्यापूर्वीं, मॅकार्थी यांच्या उमेदवारीस कोणी ओळखण्यापूर्वीं, निकाल देणारे पंच नेमून झाले होते! फिर्याद दाखल होण्यापूर्वींच ज्यूरी ठरली असेल, तर त्या न्यायसभेवर पक्षकाराचा विश्वास कसा बसावा? हजारों विद्यार्थी दाढ्या काढून, नीटनेटके कपडे करून मॅकार्थी यांच्यासाठीं घरोघर हिंडले होते. मतपेटीवर भरंवसा ठेवा, असें त्यांस सांगण्यांत आलें होतें, आणि त्यांनीं तो ठेविलाही. प्राथमिक निवडणुकींत पडलेल्या मतांपैकीं फार मोठा भाग मॅकार्थी व केनेडी यांचा होता. उमेदवारी मात्र जे मतदारांपुढें गेलेच नाहींत त्यांच्या पदरीं पडणार होती.

ता. २६ पासून २९ ऑगस्टपर्यंत शिकागो येथें महासभा भरली. जाहीरनाम्यांतील व्हिएटनामच्या कलमावर तडजोड व्हावी म्हणून हंफ्रे यांच्या मंडळींनीं एक मसुदा तयार केला होता. जॉन्सन यांनीं तो नामंजूर केला आणि हंफ्रे यांनीं मान तुकविली. ता. २८ रोजीं बाँबवर्षाव बिनशर्त थांबवावा असें सांगणारें शांततेचें कलम मतास पडलें. अपूर्णांक सोडल्यास १,०४१ मतें त्याच्या बाजूनें व १,५६७ विरुद्ध पडलीं. प्रत्येक पांच प्रतिनिधींत दोन आपल्याच सरकारच्या युद्धाविरुद्ध होते, असा याचा अर्थ. त्याच सायंकाळीं हंफ्रे ज्या हॉटेलांत उतरले होते त्याच्यासमोर पोलिसांनीं निदर्शकांस, बघ्यांस व वार्ताहरांस सरसकट झोडपलें, आणि दूरचित्रवाणीवर एका क्षणीं हा लाठीमार व दुसऱ्या क्षणीं सभेंतील भाषणें, असें दृश्य घरोघर दिसलें. निदर्शकांत चिथावणीखोर होते यांत संशय नाहीं; तरी पुढें झालेल्या सरकारी चौकशीच्या अहवालानें त्या प्रकारास पोलिसांचा दंगा असेंच नांव दिलें. सभागृहांतील दार लागलें कीं भांडण रस्त्यावर जातें, आणि रस्त्यावरील भांडणाचे नियम कोणाच्याच हातीं राहत नाहींत.

हंफ्रे यांस उमेदवारी मिळाली, पण पक्ष मिळाला नाहीं. सप्टेंबरच्या अखेरीस गॅलपच्या पाहणींत रिचर्ड निक्सन यांस शेंकडा ४३, हंफ्रे यांस २८ व अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांस २१ असा कौल दिसत होता. ता. ३० सप्टेंबर रोजीं सॉल्ट लेक सिटी येथून केलेल्या भाषणांत हंफ्रे प्रथमच अध्यक्षांपासून एक पाऊल दूर सरले व शांततेसाठीं बाँबवर्षाव थांबविण्याचा धोका आपण पत्करूं असें म्हणाले. पाऊल लहान होतें. परिणाम मोठा झाला. सभांतील हुर्यो थांबली, देणग्या येऊं लागल्या, अंतर भराभर कमी झालें. ता. ३१ ऑक्टोबरला जॉन्सन यांनीं उत्तरेवरील बाँबवर्षाव पूर्ण थांबविला. पण दोनच दिवसांनीं सायगांवचे अध्यक्ष थ्यू यांनीं पॅरिसच्या वाटाघाटींत बसण्यास नकार दिला. ता. ५ नोव्हेंबरच्या निवडणुकींत निक्सन यांस शेंकडा ४३.४, हंफ्रे यांस ४२.७ व वॉलेस यांस १३.५ मतें पडलीं. सात कोटींहून अधिक मतांत फरक सुमारें पांच लाखांचा. जें भाषण सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशीं झालें तें ऑगस्टांत झालें असतें तर काय झालें असतें, याचा तर्क वाचकांनींच करावा.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप ऐकून घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा कीं, पराभवाचें कारण युद्ध एकटेंच नव्हतें. हें आम्हांस मान्य आहे. काळ्या लोकांस हक्क दिल्यामुळें दक्षिणेंतील गोरे मतदार पक्षास सोडून चालले होते, वॉलेस यांचें बळ मुख्यतः तेथील होतें, आणि शहरांतील दंग्यांनीं मध्यमवर्ग भ्याला होता. पण म्हणूनच युद्धाच्या प्रश्नावर तरी घर सांधून घेणें अधिक जरूर होतें. दुसरा आक्षेप जास्त टोंचणारा आहे. युद्धविरोधकांनीं हंफ्रे यांस वेळेवर पाठिंबा दिला नाहीं. मॅकार्थी यांनीं दिला तोही ता. २९ ऑक्टोबरला आणि नाखुषीनें. परिणामीं निक्सन निवडून आले, आणि ते अध्यक्ष झाल्यावर आणखी वीस हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक व असंख्य व्हिएटनामी माणसें मेलीं. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि मॅकार्थी यांच्या रुसव्याचें समर्थन करण्याची आमची इच्छा नाहीं. आपलें मत पडलें म्हणजे घर जळूं द्यावें, ही नीति नव्हे. परंतु रुसव्याची जबाबदारी मोजतांना, ज्यांनीं बोलण्याची प्रत्येक वाट आधीं बंद केली त्यांची जबाबदारी वजा करतां येत नाहीं.

ज्या दोघा सिनेटरांनीं १९६४ सालीं विरुद्ध मत दिलें, त्यांचें काय झालें? १९६८ सालीं ग्रूनिंग यांस स्वपक्षाच्या प्राथमिक निवडणुकींत व मॉर्स यांस नोव्हेंबरांत हार खावी लागली. खरें बोलल्याचें बक्षीस मतदार ताबडतोब देतो, असा भ्रम कोणी बाळगूं नये. पण टोंकिनचा तो ठराव पुढें काँग्रेसनेंच रद्द केला व जानेवारी १९७१ मध्यें त्यावर अध्यक्षांची सही झाली. १९७३ सालीं तर अध्यक्षाच्या युद्धाधिकारास आळा घालणारा कायदा निक्सन यांचा नकाराधिकार मोडून संमत झाला. दोन मतांचें म्हणणें देशाचें म्हणणें होण्यास सहा-सात वर्षें आणि अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकन प्राण लागले. व्हिएटनामी प्राणांचा आंकडा तर लक्षावधि आहे.

पक्षानेंही धडा घेतला. शिकागोच्याच महासभेच्या ठरावान्वयें कमिशन नेमलें गेलें. सिनेटर मॅकगव्हर्न त्याचे पहिले अध्यक्ष. प्रतिनिधि उघड रीतीनें, त्याच वर्षीं, लोकांच्या सहभागानें निवडले पाहिजेत असे नियम झाले, आणि आज अमेरिकेंत प्राथमिक निवडणुकींचें जें महत्त्व आहे त्याचा उगम तेथें आहे. या नियमांखालीं १९७२ सालीं मॅकगव्हर्न स्वतः उमेदवार झाले आणि ५० पैकीं ४९ राज्यांत हरले, हेंही सांगितलें पाहिजे. दार उघडें ठेवल्यानें निवडणूक जिंकतां येतेच असें नाहीं. हरलेल्या पक्षास पुन्हां एकत्र बसतां येतें, एवढेंच त्यानें साधतें; आणि तें थोडें नव्हे.

महाराष्ट्रास हा पाठ अपरिचित नाहीं. १९०७ च्या डिसेंबरांत सुरतेस काँग्रेस मोडली, तेव्हां तेथें युद्धाचा प्रश्न नव्हता. पण लोकमान्य टिळक उपसूचना मांडण्यास व्यासपीठावर गेले असतां त्यांस बोलूं दिलें नाहीं, आणि मग खुर्च्या व जोडे बोलूं लागले. पुढच्या वर्षीं अलाहाबादेस जी घटना तयार झाली तिनें राष्ट्रीय पक्षास दार लावून घेतलें, आणि तें दार उघडून १९१६ सालीं लखनौस दोन्ही पक्ष एकत्र बसेपर्यंत देशाचीं नऊ वर्षें फुकट गेलीं. स्वतंत्र हिंदुस्थानांत आम्हीं तर याच्यापुढें एक पाऊल टाकिलें आहे. १९८५ सालीं राज्यघटनेस जोडलेल्या दहाव्या परिशिष्टानें, पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाचें सभासदत्वच जाऊं शकतें. पक्षांतराचा बाजार बंद व्हावा हा त्या कायद्याचा हेतु स्तुत्य होता. पण मॉर्स व ग्रूनिंग यांच्यावर असा कायदा लागू असता, तर त्या ८८ च्या पुढें दोन हा आंकडाही कदाचित् पडला नसता. १९९० सालीं दिनेश गोस्वामी समितीनें सुचविलें होतें कीं, पक्षादेश मोडल्याची ही शिक्षा विश्वासदर्शक व अविश्वासदर्शक ठरावांवरील मतांपुरतीच ठेवावी. ती सूचना अजून कागदावरच आहे.

युद्धासारख्या प्रश्नावर तरी, जेथें दुसऱ्यांच्या मुलांचे प्राण मतास लावावयाचे असतात, सभासदाचें मत त्याच्या स्वतःच्या सदसद्विवेकास मोकळें असलें पाहिजे, आणि प्रत्येक पक्षाच्या घटनेंत विरोधी मताची नोंद होण्यास निश्चित जागा असली पाहिजे. ही मागणी पक्ष दुबळे करण्याची नाहीं. हंफ्रे यांचें १९६५ चें पत्र पक्षाच्या सभेंत वाचलें गेलें असतें, तर फार तर एक कडू सायंकाळ गेली असती; तें पेटींत बंद राहिलें म्हणून पक्षानें एक निवडणूक गमावली, आणि देशानें त्याहून कितीतरी अधिक गमावलें.